पिशाच्चसुद्धा विचारून आत येतं

ताई,
माझी मुलगी पंधरा वर्षांची, यंदा दहावीला. गेल्या दिवाळीपासून तिला व्हॅम्पायरचं वेड लागलंय. कादंबऱ्या त्यांच्याच, मालिका त्यांच्याच, वहीच्या मागच्या पानांवर चित्रंही त्यांचीच. नखांना काळं, खिडकीला जाड पडदा. आमचं घर पंधराव्या मजल्यावर, समोर येऊरचा डोंगर, इतका छान वारा येतो, पण हिची खिडकी बंद. परवा ती क्लासला गेली होती आणि मी तिचं कपाट आवरत होते, तेव्हा एक वही सापडली. आत लिहिलं होतं, ‘मला म्हातारं व्हायचं नाही. तो आला आणि म्हणाला चल, तर मी जाईन.’ माझे हातपाय गार पडले. सगळी पुस्तकं गोणीत भरून माळ्यावर टाकली, वही माझ्याकडे ठेवली. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नाही. जेवायला येते, ताट उचलते, खोलीत जाते. हे म्हणतात, वय आहे, जाईल. सासूबाई वेंगुर्ल्याच्या, त्या रोज तिन्हीसांजेला तिच्यावरून मीठ-मोहरी उतरवून टाकतात आणि मला बजावतात, ‘रातचा तेचा नाव घेव नको.’ ताई, हे वेड आहे की आजार? डॉक्टरकडे न्यायचं का? आणि आमच्याकडे कुणी भुताचा सिनेमासुद्धा बघत नाही, मग हे परदेशी भूत आमच्या घरात शिरलं कुठून?
— एक आई, घोडबंदर रोड, ठाणे

प्रिय मैत्रिणी,

डॉक्टरांचा प्रश्न आधी संपवते, कारण तुमची झोप त्यानेच उडाली असणार. पंधराव्या वर्षी म्हातारं व्हावंसं न वाटणं हा आजार नाही. मला तर पासष्टाव्या वर्षीही वाटत नाही. पण ‘तो म्हणाला चल, तर मी जाईन’ हे वाक्य वाचून आईच्या पोटात गोळा येणारच. म्हणून एवढं बघा: ती नीट झोपते का, मैत्रिणींशी फोनवर खिदळते का, हातावर कुठे कापून घेतल्याच्या खुणा आहेत का, मरणाबद्दल गोष्टीतलं सोडून स्वतःविषयी काही बोलते का. शंका असेल तर सरळ विचारा, ‘तुला जगणं नकोसं वाटतं का गं?’ असं विचारल्याने नसलेला विचार मुलांच्या डोक्यात शिरत नाही. उलट असलेला बाहेर येतो. यातलं काही आढळलं तर थांबू नका, डॉक्टर गाठा. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, तिथे आईलाही बोलता येतं. पण जेवायला येते, स्वतःचं ताट उचलते, क्लासला जाते, एवढं तुमच्याच पत्रात आहे. ती रुसलीय, आणि तिला रुसायला कारण आहे. त्याकडे येतेच.

तुमचा शेवटचा प्रश्न मात्र मला फार आवडला. शिरलं कुठून? तुम्ही तो वैतागून विचारलाय, पण त्याचं उत्तर कळलं तर लेकीशी बोलायला तुमच्याकडे महिनाभराचा ऐवज होईल.

सर्बियात किसिलोवा नावाचं गाव आहे. १७१८ च्या तहात तो मुलूख तुर्कांकडून ऑस्ट्रियाच्या बादशहाकडे आला. १७२५ मध्ये तिथे पेटर प्लोगोयोविच नावाचा एक साधा शेतकरी वारला. त्याला पुरलं, आणि मग आठ दिवसांत गावातली नऊ माणसं गेली. जाता जाता ती सांगत होती की पेटर रात्री येतो, अंगावर बसतो, गळा दाबतो. त्याच्या बायकोने तर सांगितलं की तो घरी आला होता आणि त्याने आपल्या वहाणा मागितल्या. ओपांके म्हणतात तिकडे त्यांना, चामड्याच्याच असतात. बाई त्यानंतर गाव सोडून गेली. या वहाणा लक्षात ठेवा, मला त्या पुढे लागणार आहेत.

गावकरी म्हणाले, कबर उकरायची. ऑस्ट्रियाचा अधिकारी, फ्रॉमबाल्ड त्याचं नाव, म्हणाला, थांबा, वरिष्ठांना कळवू. गावकरी म्हणाले, उत्तर येईपर्यंत गाव उरायचं नाही, आम्ही घरंदारं सोडून चाललो. साहेब नमले. प्रेत काढलं तर ते फुगलेलं, जुनी कातडी सोलून खाली नवी दिसत असलेली, नखं गळून नवी आल्यासारखी, तोंडाशी ताजं रक्त. छातीत खुंटा ठोकला, जाळून राख केली. फ्रॉमबाल्डने रीतसर अहवाल लिहिला आणि शेवटी जोडलं की यात काही चुकलं असेल तर दोष माझा धरू नये, भीतीने वेड्या झालेल्या जमावाचा धरावा. कचेरीत तीस वर्षं काढलेला आपल्याकडचा कुठलाही माणूस हे वाचून गालात हसेल. हा अहवाल त्याच साली व्हिएन्नाच्या वर्तमानपत्रात छापून आला. पुढे तसल्याच दुसऱ्या गावचा अहवाल एका लष्करी सर्जनने लिहिला, आणि १७३२ मध्ये ‘व्हॅम्पायर’ हा शब्द लंडनच्या वर्तमानपत्रांत पोचलासुद्धा. म्हणजे हे भूत वाड्यातून उडत आलं नाही, सरकारी कागदावर बसून आलं. असली भुतं गावोगाव होतीच की, आपल्याकडेही होती. पण ज्याची फाईल झाली ते जगभर गेलं.

फुगलेल्या प्रेताचं सांगते, जरा किळसवाणं आहे, पण दहावीच्या विज्ञानवालीला आवडेल. माणूस मेला की आतड्यातले जिवाणू काम थांबवत नाहीत. वायू साठतो, पोट फुगतं, तो दाब आतला लालसर काळा द्रव तोंडा-नाकातून बाहेर ढकलतो. ते ‘ताजं रक्त’. वरची त्वचा सुटून येते, खालचा थर गुलाबी दिसतो. बोटांची कातडी आक्रसते म्हणून नखं वाढल्यासारखी वाटतात. खुंटा मारल्यावर कण्हल्याचा आवाज येतो, कारण कोंडलेला वायू घशातून निघतो. गावकरी खोटं बोलत नव्हते. त्यांनी जे पाहिलं तेच सांगितलं, फक्त ते का होतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. १७५५ मध्ये ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसा हिने आपले वैद्य गेरार्ड फान स्वीटेन यांच्याकडून या प्रकारांची छाननी करवली आणि प्रेतं उकरायला, जाळायला बंदी घातली. तरी गोष्ट थांबली नाही.

अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये एक्सेटर नावाच्या गावी मर्सी ब्राउन नावाची मुलगी होती. आई क्षयाने गेली, मोठी बहीण क्षयाने गेली, जानेवारी १८९२ मध्ये मर्सी गेली, वय एकोणीस. तुमच्या लेकीहून चार वर्षांनी मोठी. आता भाऊ एडविन खंगायला लागला. शेजारी म्हणाले, मेलेल्यांपैकीच कुणीतरी त्याला शोषतंय. बापाचा यावर विश्वास नव्हता, पण गाव मागे लागलं आणि त्याने हो म्हटलं. मार्चमध्ये तिघींची प्रेतं पाहिली. मर्सी थंडीत गेलेली, तिचं कुजणं अजून नीट सुरूच झालं नव्हतं. हृदयात रक्त दिसलं. ते हृदय जाळून त्याची राख पाण्यात कालवून भावाला पाजली. दोन महिन्यांत तोही गेला. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं होतं २४ मार्च १८८२ रोजी. दहा वर्षं आधी.

ही गोष्ट मी मुद्दाम लांबवली. व्हॅम्पायर मुळात परका नव्हताच, देखणा तर नव्हताच. तो घरचा होता. घरातलं एक माणूस गेलं की त्याच्या मागोमाग दुसरं का जातं, हे ज्यांना कळत नव्हतं त्यांनी दिलेलं ते उत्तर होतं. क्षय एका घरात शिरला की पाठोपाठ माणसं नेतो, हे आपल्या आज्यांनाही माहीत होतं. त्यांनी त्याला वेगळी नावं दिली, एवढंच.

मग हा शेतकरी तुमच्या मुलीच्या वहीत काळा कोट घालून, केस विंचरून कसा आला? त्याला एक रागावलेला डॉक्टर जबाबदार आहे. १८१५ मध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला, आणि त्याच्या राखेने पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही. १८१६ च्या त्या पावसाळी जूनमध्ये जिनिव्हाच्या तलावाकाठी कवी लॉर्ड बायरन मित्रांसोबत घरात अडकला होता. भुताच्या गोष्टी लिहायची टूम निघाली. मेरी शेलीचं ‘फ्रँकेन्स्टाइन’ तिथलंच. बायरनबरोबर त्याचा पगारी डॉक्टर होता, जॉन पॉलिडोरी, वय वीस. दोघांचं जमत नव्हतं. बायरनने एक गोष्ट अर्धवट टाकली, तिचा धागा पॉलिडोरीने उचलला आणि आपला व्हॅम्पायर लिहिला: फिकट चेहऱ्याचा, बड्या घरचा, मेजवान्यांत वावरणारा, बायकांना नादी लावून संपवणारा लॉर्ड. मालक कोण हे वाचकांनी ओळखावं इतकं उघड. १८१९ मध्ये गोष्ट छापून आली ती बायरनच्याच नावावर! बिचारा पॉलिडोरी दोन वर्षांनी वारला, पंचविशीत. त्याने चिडून काढलेलं आपल्या साहेबाचं व्यंगचित्र अजून मुलींच्या उशाखाली आहे.

ब्रॅम स्टोकरचा ‘ड्रॅक्युला’ आला १८९७ मध्ये. आपलं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, म्हणजे ड्रॅक्युलापेक्षा चार वर्षांनी थोरलं. स्टोकर लंडनच्या एका नाट्यगृहाचा व्यवस्थापक होता. ड्रॅक्युलाचा वाडा त्याने जिथे दाखवलाय त्या ट्रान्सिल्व्हेनियात तो कधी गेलाच नाही. ड्रॅक्युला हे नाव त्याला व्हिटबी नावाच्या समुद्रकाठच्या गावी वाचनालयातल्या एका पुस्तकात सापडलं. आणि हे तुमच्या मुलीला जरूर विचारा, माहीत असेल तर शाबासकी द्या: त्याचा ड्रॅक्युला दिवसाढवळ्या रस्त्यावर हिंडतो. त्याची शक्ती कमी होते, पण तो जळत नाही. उन्हाने व्हॅम्पायर मरतो हे १९२२ च्या एका जर्मन मूकपटाने ठरवलं, ‘नोस्फेराटू’ने. तो सिनेमा परवानगी न घेता काढलेला. स्टोकरच्या विधवेने दावा लावला, कोर्टाने सगळ्या प्रती नष्ट करायला सांगितल्या, काही वाचल्या. तेव्हा तुमच्या घरचा तो जाड पडदा फार तर शंभर वर्षांच्या परंपरेचा आहे, आणि तीही चोरीच्या सिनेमाची. एवढं हसत सांगितलंत तर कदाचित खिडकी उघडेल. वारा आत येईल.

पुढची उडी झपाट्याने मारते. १९७६ मध्ये ॲन राइसच्या कादंबरीत व्हॅम्पायर स्वतःच मुलाखत द्यायला बसला आणि वाचक त्याच्या दुःखाने हळहळायला लागले. २००५ मध्ये ‘ट्वायलाइट’ आली, त्यातला नायक १९०१ मध्ये जन्मलेला, सतरा वर्षांचा दिसतो, शाळेत जातो आणि मुलगी झोपलेली असताना रात्रभर तिच्या खोलीत बसून तिला बघतो. तुमच्या लेकीच्या पुस्तकांत हे बहुतेक असणारच.

मला विचाराल तर काळजीची जागा असलीच तर ती इथे आहे. रक्तात नाही, काळ्या नखांत तर मुळीच नाही. ‘मला न विचारता रात्री माझ्या खोलीत बसून बघतो, म्हणजे त्याचं किती प्रेम आहे,’ हे वाक्य एखाद्या मुलीला खरं वाटायला लागलं, तर उद्या फोनचा पासवर्ड मागणाऱ्या मुलाचंही तिला कौतुक वाटेल. पण यावर प्रवचन देऊ नका. प्रश्न विचारा. शंभर वर्षांचा माणूस दहावी-बारावीच्या वर्गात बसून काय करतो गं? त्याला बीजगणिताचा कंटाळा येत नाही? ती हसली तर पुढचा प्रश्न आपोआप सुचेल. ती चिडली आणि त्याची बाजू घेऊन भांडली, तर उत्तमच. भांडण म्हणजे बोलणं. विक्रमाने तोंड उघडलं की वेताळ झाडावर परत जायचा. तुमच्या घरी कुणी तोंडच उघडत नाही, म्हणून तो खांद्यावरून उतरत नाहीये.

आता तुमच्याकडे येते. रागावू नका.

स्टोकरच्या कादंबरीत एक नियम आहे. घरातल्या कुणीतरी ‘ये’ म्हटल्याशिवाय ड्रॅक्युलाला पहिल्यांदा आत पाऊल टाकता येत नाही. त्याआधीच्या ‘कार्मिला’ या गोष्टीतही व्हॅम्पायर असलेली मुलगी पाहुणी म्हणून, घरच्यांच्या आग्रहाने राहायला येते. आपल्याकडे ‘हाकामारी’ आहेच: रात्री कुणी नाव घेऊन हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. सासूबाईंना विचारा, सांगतील. उंबरठ्याची ही रीत भुताखेतांनीही पाळली. तुम्ही मात्र लेक बाहेर असताना कपाट उघडलंत, वही वाचलीत, पुस्तकं नेलीत, आणि वही अजून तुमच्याकडेच आहे. ‘आवरताना सापडली’ हे मी मान्य करते. उघडली कुणी?

मी का बोलते आहे ते सांगते. नौपाड्यात आमच्या चाळीत, आठवीत असताना मी भूगोलाच्या पुस्तकात लपवून एक भयकथा वाचत होते. आईने पाहिलं आणि ती बंबात घातली. वाचनालयाचं पुस्तक, दंड मलाच भरावा लागला, तोही खाऊच्या पैशांतून. शेवटची चाळीसेक पानं राहिली होती. पुढे त्या घरातल्या बाईचं काय झालं, ते मला आजतागायत माहीत नाही. आईला जाऊन वीस वर्षं झाली, तिच्या हातची आमटी मला आठवते, माया आठवते, आणि बंबाचं ते झाकणही आठवतं.

तेव्हा माळ्यावर चढा, किंवा ह्यांना चढवा, आणि गोणी उतरवा. पुस्तकं पुसून तिच्या दाराशी ठेवा. दार वाजवा. ती ‘ये’ म्हणेपर्यंत थांबा. दहा मिनिटं लागली तर दहा मिनिटं. वही हातात द्या आणि म्हणा, ‘मी तुला न विचारता वाचली, चुकलं माझं.’ यानंतर ‘पण’ हा शब्द घालायचा नाही. ‘पण मला तुझी काळजी वाटते’ वगैरे दुसऱ्या दिवशी. तिने लगेच गळ्यात पडावं अशी अपेक्षा ठेवू नका, ती पंधरा वर्षांची आहे, निदान आठवडाभर भाव खाईल. दहावीचा अभ्यास हा त्याच दिवशी काढायचा विषय नव्हे. झोपेची वेळ आणि मोबाईल बाहेर ठेवण्याची वेळ मात्र नंतर तिच्याशी बसून ठरवा, आणि ती तुम्हीही पाळा.

सासूबाईंच्या मीठ-मोहरीवरून घरात वाद घालू नका. त्याने कुणाचं नुकसान होत नाही, वर गंमत अशी की युरोपातही व्हॅम्पायरच्या वाटेवर मोहरी नाहीतर खसखस पसरून ठेवत. त्याला दाणा न् दाणा मोजल्याशिवाय पुढे जाता येत नाही, मोजता मोजता उजाडतं. हे नातीने आजीला सांगू दे. फक्त कुणी ‘ओळखीचा एक बाबा आहे, झाडझूड करतो’ म्हणून आलं तर दार उघडायचं नाही. भूत उतरवतो म्हणून मुलीला मारहाण करणारा किंवा छळणारा माणूस महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हेगार आहे. सासूबाईंच्या मोहरीचा त्याच्याशी काही संबंध नाही.

आणि खरं सांगू? तुमच्या घरात यातला जाणकार माणूस एकच आहे आणि त्या सासूबाई आहेत. वेंगुर्ला तालुक्यात आरवलीला वेतोबाचं, म्हणजे वेताळाचं, देऊळ आहे, त्यांना ते माहीत नसणं शक्यच नाही. १८७० मध्ये रिचर्ड बर्टनने वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेल्या तेव्हा त्याने पुस्तकाच्या नावातच वेताळाचं ‘व्हॅम्पायर’ करून टाकलं. आपला वेताळ प्रेतात शिरतो, झाडाला उलटा लोंबकळतो, हे खरं. पण रक्तापेक्षा त्याला गोष्टी सांगून कोडी घालण्यात रस. कोकणात तर तो भुतांचा राजा असून गावाचा राखणदार झाला. आरवलीच्या वेतोबाला लोक केळ्यांचे घड वाहतात आणि चामड्याच्या वहाणा, माणसाच्या पायाला कधी बसणार नाहीत एवढ्या मोठ्या. तो रात्री गावाभोवती फिरतो, म्हणून त्या झिजतात असं मानतात.

किसिलोव्यात मेलेल्या नवऱ्याने वहाणा मागितल्या तर बायको गाव सोडून पळाली. आरवलीत लोक त्या स्वतः करून नेऊन देतात. या दोन गोष्टी शेजारी ठेवून नात आणि आजी यांना एका संध्याकाळी समोरासमोर बसवा, तिन्हीसांजेच्या आधी, म्हणजे नाव घ्यायलाही हरकत नाही. तुम्ही चहा करा आणि मध्ये बोलू नका. पेटरने बायकोकडे वहाणाच का मागितल्या असतील, हे मी बरेच दिवस मनात घोळवते आहे. सासूबाई काय म्हणाल्या ते मला जरूर कळवा.

तुमची,
ताई